मेडिकेअर: कार्ड रद्दीतलं, माल चोख (वर्ष उलटल्यानंतरचा अनुभव)

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत पासष्टीला मिळणारा सरकारी आरोग्यविमा. त्याचे भाग (पार्ट) ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर, डी म्हणजे औषधं, हे पासष्टीला टेकलेल्या कुणालाही सांगायला नको. टपालपेटी त्याच पत्रकांनी भरून वाहत असते. म्हणून थेट कार्डावर येतो.

हे कार्ड कागदाचं आहे. किराणा दुकानाचं सवलतीचं कार्डसुद्धा ज्या देशात प्लॅस्टिकचं मिळतं, तिथे उभी हयात पगारातून १.४५ टक्के कापून घेतल्यावर (मालकाचे तेवढेच वेगळे) हातात काय पडतं, तर लग्नपत्रिकेपेक्षा पातळ लाल-पांढरा-निळा पुठ्ठा. फोटो नाही, चिप नाही, सहीची जागाही नाही. सरकारचं म्हणणं असं की कागद स्वस्त पडतो आणि दवाखान्यांना त्याची झेरॉक्स काढायला सोपं जातं. असेल. पण पाकिटात मागच्या खिशात ठेवलं की घडीवर आधी शाई उडते, आणि ती नेमकी नंबरावरच. ऑफिसच्या ओळखपत्राला असतं तसलं पारदर्शक पाऊच घ्या, कार्ड त्यात घालून घरी ठेवा आणि नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना तेवढं न्या. फाटलंच तर मेडिकेअरच्या ऑनलाइन खात्यातून घरच्या प्रिंटरवर फुकट छापून घेता येतं. असली कार्डं प्लॅस्टिकची करून देतो म्हणून कुणाचा फोन आला, तर तो चोर आहे. मेडिकेअर आपणहून फोन करून नंबर विचारत नाही.

नंबर मात्र डोकं लावून बनवलाय. अकरा खणांचा असतो आणि त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही सहा अक्षरं कधीच येत नाहीत. म्हणजे गोल दिसलं की शून्य, उभी रेघ दिसली की एक, पाचासारखं दिसलं की पाचच. दुसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि नवव्या जागी कायम अक्षर असतं. मधल्या आडव्या रेघा केवळ वाचायच्या सोयीसाठी, फॉर्मात टाकायच्या नाहीत. फोनवर नंबर सांगताना हे माहीत असलं की पलीकडचा माणूस 'ओ की झिरो' विचारतो तेव्हा अडायला होत नाही.

जुन्या कार्डांपुढे हे फारच बरं. २०१८ च्या आधी मेडिकेअरचा नंबर म्हणजे सोशल सिक्युरिटीचाच (सरकारी पेन्शन खात्याचा) नंबर आणि शेवटी एक अक्षर असे. नवऱ्याच्या कमाईवर मेडिकेअर मिळालेल्या बाईच्या कार्डावर नवऱ्याचा नंबर आणि त्यामागे 'बी' छापलेला असायचा. तिचं स्वतःचं असं त्यात काहीच नाही, नवऱ्याची पुरवणी असल्यासारखं. एप्रिल २०१८ पासून प्रत्येकाला स्वतंत्र, अर्थ नसलेला नंबर मिळू लागला आणि १ जानेवारी २०२० पासून तोच चालतो. हा बदल ओळखचोरी थांबवण्यासाठी झाला, बायकांच्या मानासाठी नव्हे, पण झाला.

आता मूळ दुखण्याकडे: नाव.

कार्डावर पहिलं नाव, मधल्याचं सहसा एक आद्याक्षर आणि आडनाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं अख्खं नाव घेऊन साठ वर्षं वावरलेल्या मराठी माणसाचं मधलं नाव एका अक्षरावर येतं. उखाण्यात ज्याचं नाव घेतलं तो 'आर' झाला. त्याचं वाईट वाटलं तरी चालेल, पण खरी अडचण पुढे आहे. भारतीय पासपोर्टात मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही, त्यामुळे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं एकाच रकान्यात बसतात. तिथून ग्रीन कार्डावर 'सुषमा रमेश' हे सगळं मिळून पहिलं नाव होतं. मग सोशल सिक्युरिटीने त्याचे दोन तुकडे केले, वाहन परवान्याने तिसरंच काही केलं आणि नोकरीतल्या विम्यात 'सुषमा आर' होती. तीस वर्षं हे कुणाला खुपलं नाही, कारण मध्ये कंपनीचं एचआर खातं होतं आणि ते निस्तरायचं. निवृत्तीनंतर ते खातं नसतं. मेडिकेअर, मेडिगॅप (मेडिकेअरने न भरलेला वाटा भरणारा खाजगी विमा), पार्ट डी आणि औषधाचं दुकान अशा चार ठिकाणी तुम्ही चार माणसं असता आणि यंत्राला त्यांतला एकच मान्य असतो.

औषधाच्या दुकानात 'इनॅक्टिव्ह' किंवा 'मेंबर नॉट फाउंड' आलं म्हणजे विमा संपला असं बहुतेक वेळा नसतं. यंत्र नंबर, जन्मतारीख आणि नाव जुळवतं आणि त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. अश्विनीत 'व्ही' की 'डब्ल्यू', एवढ्यावर रक्तदाबाच्या गोळ्या अडकतात. काउंटरवर हुज्जत घालून उपयोग नाही. पार्ट डीच्या कार्डामागच्या नंबरावर तिथूनच फोन लावा, 'तुमच्याकडे माझं नाव जसं आहे तसं स्पेलिंग वाचून दाखवा' म्हणा आणि तेच दुकानदाराला टाइप करायला सांगा. आजच्या गोळ्या मिळतील. कायमची दुरुस्ती मग सावकाश.

कायमच्या दुरुस्तीचा क्रम उलटासुलटा केला की पुन्हा पहिल्यापासून. मेडिकेअरकडे नाव बदलायचा स्वतःचा फॉर्म नाही. ते नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीतून उचलतात. म्हणून आधी तिथे एसएस-५ फॉर्म भरायचा. फी नाही. कागद मूळ लागतात, किंवा ज्या कचेरीने दिले तिच्याच शिक्क्याची प्रत. नोटरी केलेली झेरॉक्स परत करतात. त्या कार्डावर पहिलं आणि मधलं नाव मिळून २६ खण असतात, मधली मोकळी जागा धरून. ज्ञानेश्वर पुरुषोत्तमराव इंग्रजी स्पेलिंगात काठोकाठ बसतो, आणखी लांब असेल तर छाटला जाणार. सोशल सिक्युरिटीत नाव बदललं की मेडिकेअरमध्ये ते आपोआप झिरपतं, मग वाहन परवाना, आणि शेवटी मेडिगॅप आणि पार्ट डीच्या कंपन्या, प्रत्येकीला वेगळा फोन करून. आधी परवाना बदलायला गेलात तर तो सोशल सिक्युरिटीशी पडताळला जातो आणि हात हलवत परत यावं लागतं.

अजून नागरिकत्व घेतलं नसेल तर याहून सोपी वाट आहे. एन-४०० अर्जातच नाव बदलायची सोय असते आणि शपथविधी न्यायाधीशासमोर असेल तर तिथेच नवं नाव कायदेशीर होतं. नंतर तेच करायचं म्हणजे राज्याच्या कोर्टात अर्ज आणि वर फी.

बायकांचं प्रकरण जास्त किचकट. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, काहींचं लग्नात पहिलं नावही बदललेलं, आणि लग्न सत्तरच्या दशकात कार्यालयात झालेलं, नोंदणी कुणी केलीय! नवऱ्याच्या ४० क्रेडिट्सवर (कर कापून केलेल्या नोकरीचे गुण) बायकोला ६५ व्या वर्षी पार्ट ए फुकट मिळतो (नवरा किमान ६२ चा हवा), पण लग्नाचा पुरावा मागतात. पुढच्या भारतवारीत, जिथे लग्न झालं तिथल्या विवाह निबंधकाकडून दाखला काढून आणा आणि त्यात माहेरचं पूर्ण नाव नीट लिहिलंय ना ते तिथेच उभ्या उभ्या वाचा. तो एक कागद दोन्ही नावांना जोडतो. दाखला मराठीत असला तरी सोशल सिक्युरिटी भाषांतर स्वतःच करून घेते, त्यासाठी पदरमोड करू नका. इमिग्रेशनला मात्र भाषांतर जोडावंच लागतं.

इथवर वाचून ही दोन ताऱ्यांची तक्रार वाटेल. मीही दोनच देणार होतो, पण वापरात मत बदलत गेलं. पहिला धक्का, आणि सुखाचा, तारखेने दिला.

आपल्या पिढीत १ जूनची मंडळी पोत्याने सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मभर चिकटली. खरा जन्म श्रावणातला असेना का, पासपोर्टात १ जून. मेडिकेअरचा नियम असा की ६५ वा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याच्या एक तारखेपासून ते सुरू होतं. पण वाढदिवसच एक तारखेला असेल तर आधीच्या महिन्याच्या एक तारखेपासून. म्हणजे १ जून १९६१ वाल्याला १ मे २०२६ पासून मेडिकेअर आणि २ जूनवाल्याला १ जूनपासून. गुरुजींनी दिलेली एका महिन्याची भेट! फक्त नोंदणीची सात महिन्यांची मुदतही त्यामुळे एक महिना अलीकडे सरकते: मार्च ते सप्टेंबर नव्हे, फेब्रुवारी ते ऑगस्ट. सप्टेंबरात जाल तर पहिली मुदत गेलेली असेल.

दुसरं म्हणजे बिलं. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप प्लॅन जी अशी जोडी असेल तर २०२६ मध्ये पार्ट बीचे पहिले २८३ डॉलर तुमचे. त्यानंतर मेडिकेअरला मान्य असलेल्या डॉक्टरी सेवांचा तुमचा वाटा मेडिगॅप भरतो. हॉस्पिटलचे १,७३६ डॉलरचे डिडक्टिबलही (विम्याआधी आपण भरायची रक्कम). नोकरीतल्या विम्यात दर भेटीमागे येणारी ती 'हे बिल नव्हे' छापाची पत्रं, त्यावरचा हिशेब, मग नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञाचं खरं बिल, हे सगळं गेलं. मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही राज्यात जा. सहसा आधी परवानगी मागावी लागत नाही. या बाबतीत मात्र मी खूश आहे आणि खूश होणं हा माझा स्वभाव नाही.

शून्य प्रीमियमच्या ॲडव्हान्टेज प्लॅनवाल्यांचा (मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) अनुभव निराळा असणार. त्यांना डॉक्टरांची ठरलेली यादी आणि आधी परवानगी दोन्ही आहेत. फुकट म्हटलं की आपले कान टवकारतात, आणि तब्येत ठणठणीत असेपर्यंत तो सौदा वाईटही नाही. पण मेडिगॅप आरोग्याची चौकशी न करता मिळण्याची हमी पार्ट बी सुरू झाल्यापासून सहाच महिने असते. ६५ ला थेट ॲडव्हान्टेजमध्ये गेलात तर पहिल्या बारा महिन्यांत परत फिरायची मुभा आहे. त्यानंतर बहुतेक राज्यांत मेडिगॅप कंपनी तुमच्या साखरेचा आणि स्टेंटचा इतिहास काढून सरळ नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटात तसं करता येत नाही, बाकीच्यांनी स्वतःच्या राज्याचं पाहावं. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची फुकट सल्लासेवा आहे. कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडात शाइन. ते काही विकत नाहीत, म्हणून खरं बोलतात.

आता पैशांचे खड्डे. २०२६ ला पार्ट बी महिना २०२.९० डॉलर. नोकरी चालू आहे म्हणून बी पुढे ढकललं तर दंड नाही, पण ते नोकरीचं कव्हर चालू नोकरीचंच हवं. कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा) त्यात धरत नाहीत. नोकरी सुटल्यावर आठ महिन्यांची मुदत असते. कोब्राचे अठरा महिने संपवून मग अर्ज करणाऱ्यांना दर पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के जादा, जन्मभर. कंपनी वीसपेक्षा कमी माणसांची असेल तर ६५ लाच बी घ्या, तिथे मेडिकेअर पहिलं पैसे देणारं ठरतं. आणि ६५ नंतर नोंदणी केली की पार्ट ए सहा महिने मागच्या तारखेने लागतो (६५ च्या आधी जात नाही), म्हणून एचएसए खात्यात (उपचारांसाठीचं करसवलतीचं बचत खातं) पैसे टाकणं नोंदणीच्या सहा महिने आधी थांबवा. टाकत राहिलात तर जादा रक्कम काढून घेईपर्यंत दर वर्षी ६ टक्के दंड.

औषधं घेत नाही म्हणून डी नको, हा हिशेबही अंगाशी येतो. स्वस्तातला एखादा घेऊन ठेवा, नाहीतर दर महिन्यामागे एक टक्का चढत जातो आणि तोही कायमचा. २०२६ मध्ये प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर वर्षाला २,१०० डॉलरच्या वर खिशातून जात नाहीत. पुण्याहून आणलेल्या गोळ्या त्या मोजणीत धरत नाहीत.

सगळ्यात कपटी खड्डा पुण्याच्या फ्लॅटचा आहे. तुमचं उत्पन्न एका मर्यादेवर गेलं की पार्ट बी आणि डी महाग होतात, आणि त्यासाठी बघतात दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न. २०२६ साठी २०२४ चं. मर्यादा एकट्याला १,०९,००० डॉलर, जोडप्याला २,१८,०००. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून घेता येतं. पण कोथरूडचा वडिलार्जित फ्लॅट विकल्यावर आलेला नफा त्या एका वर्षाच्या रिटर्नमध्ये चढतो आणि दोन वर्षांनी दोघांचेही हप्ते वाढतात. विक्री त्यांच्या सवलतीच्या यादीत बसत नाही, एसएसए-४४ तिथे चालत नाही. मर्यादेच्या एक डॉलर वर गेलात तरी पुढच्या पायरीचा पूर्ण हप्ता. म्हणून ६३ व्या वर्षापासून हे दोन वर्षांचं अंतर डोक्यात ठेवून विक्रीचं साल ठरवा. सीएला भारतातला कॅपिटल गेन कळतो, हे कळेलच असं नाही.

भारतात मेडिकेअर चालत नाही, पूर्णविराम. मेडिगॅप जी किंवा एन असेल तर प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचे, २५० डॉलर तुम्ही भरल्यावर, ८० टक्के मिळतात. आयुष्यभराची कमाल ५०,००० डॉलर. नोव्हेंबर ते मार्च पुण्यात राहणाऱ्यांना हे अपुरं आहे, शेवटच्या तीन महिन्यांचा वेगळा प्रवासविमा काढा. ॲडव्हान्टेजवाले सलग सहा महिन्यांवर बाहेर राहिले तर बहुधा प्लॅनमधूनच काढले जातात. आणि तिकडे आहोत म्हणून बीचे हप्ते थांबवू नका, परत आल्यावर दंडासकट सुरू होतात. दात, चष्मा, कानाचं यंत्र यांतलं मूळ मेडिकेअर सहसा काही देत नाही, त्यामुळे दात पुण्यात आणि हृदय अमेरिकेत अशी वाटणी बहुतेकांनी आपसूक केलेली दिसते. ती चुकीची म्हणता येणार नाही.

ऑनलाइन खात्याचा एक बारकावा. ओटीपी मुलाच्या फॅमिली प्लॅनवरच्या नंबरला येतो आणि तो नंबर भारतात रोमिंगशिवाय मुका होतो. निघण्याआधी ओटीपीची दुसरी सोय, ऑथेंटिकेटर ॲप किंवा बॅकअप कोड, लावून ठेवा.

राहिली वार्षिक 'वेलनेस व्हिजिट'. पहिल्या बारा महिन्यांत 'वेलकम टू मेडिकेअर', पुढे दरवर्षी ही. दोन्ही फुकट, पण हे आपलं जुनं 'फिजिकल' (नखशिखांत तपासणी) नव्हे. अपॉइंटमेंट घेताना 'वेलनेस व्हिजिट' हेच शब्द वापरा आणि तिथे गेल्यावर सहज म्हणून गुडघ्याचं रडगाणं काढू नका. गुडघा तपासला की ती वेगळी भेट ठरते, तिचं बिल वेगळं येतं.

यात डोक्याची चाचणी असते आणि तिची गंमत सांगण्यासारखी आहे. पुष्कळ दवाखान्यांत मिनी-कॉग वापरतात: तीन शब्द सांगायचे, मग रिकाम्या गोलात घड्याळाचे आकडे घालून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, मग ते तीन शब्द परत विचारायचे. दहा हा आकडा ऐकून हात दहाकडे ओढला जातो, काटा मात्र दोनवर हवा. डोकं ऐकलेल्या शब्दाला आवर घालतं का, हेच तपासायचं असतं. साठ वर्षं संसार, नोकरी, परदेश रेटलेल्या माणसाच्या शहाणपणाला तीन शब्द आणि एक घड्याळ, एकूण पाच गुण. राग येतो. पण ही शहाणपणाची परीक्षा नाहीच, ती विसरण्याची आहे आणि वेळेवर कळलेलं बरं. ज्यांचं इंग्रजी घाईच्या बोलण्यात निसटतं त्यांनी आधी फोन करून मराठी दुभाषा मागावा. तो फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुलीला दुभाषी म्हणून बसवू नये, ती शब्द ओठांनी सुचवते.

याच भेटीत, शुद्ध नसताना तुमच्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, याच्या फॉर्मबद्दलही फुकटात बोलून घेता येतं. 'मुलगा बघेल' हे उत्तर तिथे चालत नाही. कुठला मुलगा, त्याचं पूर्ण नाव, फोन, पर्यायी व्यक्ती. साक्षीदारांचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, पण ज्याला नेमलं त्यालाच साक्षीदार करू नये. आणि इथेही नाव तेच लिहा, जे कार्डावर आहे.

शेवटी, मुलांनी ग्रीन कार्डवर आणलेल्या आईवडिलांसाठी. भारतातली नोकरी इथल्या ४० क्रेडिट्समध्ये धरत नाहीत, दोन्ही देशांत तसा करार नाही. सलग पाच वर्षं राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं: २०२६ ला पार्ट ए ५६५ डॉलर, त्यासोबत बी घ्यावंच लागतं, मिळून महिना ७६७.९० डॉलर, माणशी. ३० क्रेडिट्स असतील तर ए ३११ वर येतो. २०२६ मध्ये ७,५६० डॉलर कमावले की वर्षाची चार क्रेडिट्स मिळतात, त्यामुळे साठीच्या आत आलेल्या आणि हातपाय चालत असलेल्या वडिलांनी अर्धवेळ काही धरलं तर ते केवळ वेळ घालवणं नव्हे. मात्र पगार कागदावर, सोशल सिक्युरिटी कापून मिळाला पाहिजे. ओळखीच्याच्या दुकानात रोखीने मिळालेल्या पैशांचं एकही क्रेडिट होत नाही.